मनाचा पुढचा चढ

मी कसाऱ्याचा राहणारा. आमच्या स्टेशनावर एक दृश्य नित्य दिसतें. नाशिककडे जाणारी जड गाडी येथें थांबते व तिला मागून जादा इंजिनें जोडतात. रेल्वेचे लोक त्यांस ‘बँकर’ म्हणतात. पुढें थळघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. १८६५ सालीं हा मार्ग खुला झाला, तेव्हांपासून तो चढ सर्वांस ठाऊक आहे. म्हणून गाडी अडण्याची वाट न पाहतां तजवीज आधींच होते. दुसऱ्याच्या मनांतील पुढचा चढ असा आधीं ओळखतां येईल काय, हा आजचा प्रश्न.

भाव स्थिर राहत नाहीं, हें आपल्याकडे जुनेंच ज्ञान आहे. नाट्यशास्त्रांत आठ स्थायी भावांखेरीज येणारे-जाणारे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. अलीकडे, २०१७ सालीं, अमेरिकेंतील मार्क थॉर्नटन व डायना तामिर या संशोधकांनीं याच गोष्टीची मोजणी केली. कोणत्या भावामागून कोणता येईल, असें त्यांनीं लोकांस विचारलें व ते अंदाज माणसांनीं वेळोवेळीं नोंदविलेल्या प्रत्यक्ष अनुभवांशीं ताडून पाहिले. ते पुष्कळ अंशीं जुळले. सामान्य मनुष्यासही ही विद्या बरीच अवगत असते, असें त्यावरून दिसतें.

मग आपण चुकतों कोठें? माझीच चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं दूरच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा माझ्या वर्गांत होता. उन्हाळा लागतांच तो रोज उशिरां येऊं लागला. मीं मनाशीं गणित मांडलें: चारचौघांत बोललों म्हणजे त्यास लाज वाटेल, लाजेंतून निश्चय होईल व उद्यां हा घंटेपूर्वीं हजर होईल. मीं त्यास सर्वांदेखत ‘आळशी’ म्हटलें. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढें आठ दिवस आला नाहीं.

अखेर मी पाड्यावर गेलों. आमच्या शहापूर तालुक्यांतील तानसा-भातसाचें पाणी मुंबईच्या घरोघरीं पोंचतें. पण उन्हाळ्यांत कित्येक पाड्यांवरील विहिरी आटतात. त्याची आई पहाटेपासून पाण्यासाठीं रांगेंत उभी राही. ती परते तोंवर तो धाकट्या बहिणीस सांभाळी व मग शाळेकडे धांवत सुटे. आई एवढेंच म्हणाली, “गुरुजी, पोरगा आळशी नाय.”

मीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो शाळेंत परत आला, परीक्षाही उतरला. परंतु माझ्या तासाला उत्तर देण्यास त्यानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं.

माझें गणित दहा मुलांविषयीं कदाचित् खरें ठरलें असतें. या एकाच्या मनांत मात्र लाजेमागून निश्चय न येतां दुरावा आला. सर्वसामान्य मनुष्यस्वभाव जाणणें निराळें व समोरचा मनुष्य जाणणें निराळें. “उशीर कां झाला रे?” एवढें विचारलें असतें, तर ती वाट मला आधीं दिसली असती.

घरींही हेंच आहे. कचेरींतून गप्प परतलेला मुलगा, नवी सून, वृद्ध वडील यांच्या मनाचे अंदाज आपण दररोज बांधतों व त्यांवर बोलतों. अंदाज अवश्य बांधावा. त्याविना जिव्हाळा संभवत नाहीं. पण बोलण्यापूर्वीं एक प्रश्न विचारून तो पारखून घ्यावा. तुटलेलें मन पुन्हां जोडण्यापेक्षां हें पुष्कळ सोपें आहे.