लेकरांना घेऊन रानात चला

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी शेळ्या बांधत. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आज पैशाचं काही नाही. आज लेकरांना घेऊन फिरायला जायचं बोलायचं आहे.

फिरायला म्हटलं की आमच्या बैठकीत आधी हशा होतो. "दिवसभर चालतोच की ताई, आणखी कुठं फिरू?" खरंच आहे. घरापासून हापश्यापर्यंत, हापश्यापासून रानापर्यंत, रानातून जळण घेऊन परत, आणि फडात गेलं की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर. चालणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या प्रत्येक चालण्यात डोक्यावर काहीतरी असतं. मोकळ्या हातानं, लेकराचं बोट धरून, नुसतं डोंगर आणि पाणी बघायला आपण कधी गेलो? आमच्या ग्रामसंघात हा प्रश्न विचारला तेव्हा बऱ्याच जणींना लग्नाआधीची येळवस आठवली, नाहीतर नागपंचमीचा झोका.

हे डोक्यात आलं ते लेकरांमुळं. आमच्या गावातल्या तिसरी-चौथीच्या पोरांना कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांची नावं पाठ आहेत. कुठल्या कारखान्याचं धुराडं रात्री कसं दिसतं ते सांगतात. पण आपल्याच जिल्ह्यातला सौताड्याचा धबधबा त्यातल्या एकानंही पाहिलेला नव्हता. मोर आपल्याकडं राखीव रानात राहतो, हेही त्यांना नवीन होतं. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत, आणि परत येईपर्यंत उन्हाळा. तेव्हा डोंगर उघडा आणि तलाव आटलेला. मग लेकरू म्हणणारच ना, आपल्या गावात काहीच नाही म्हणून. म्हणून आम्ही दिवस धरले ते पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे. बालाघाट तेव्हा हिरवा असतो, ओढे वाहतात, आणि कोयता अजून घरीच असतो.

आता कुठं जायचं ते सांगतो. लांबचं काहीच नाही. पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. 1994 साली सरकारनं ते जाहीर केलं, क्षेत्र सुमारे 30 चौरस किलोमीटर. घनदाट जंगल मनात धरून जाऊ नका. आपल्यासारखंच कोरडं रान आहे: खैर, बोर, बाभूळ, धावडा, पळस, सीताफळ. पण मोरांना हेच मानवतं. ऐन पावसाळ्यात गेलात तर नाचणारा मोर दिसण्याची आशा धरा. पोळ्यानंतर मोराचा पिसारा गळायला लागतो, तेव्हा शेपूट झडलेला मोर बघून आमची पोरं खूप हसली. एकानं तर, याला कुणी भादरलं, असं विचारलं. पिसं आपोआप गळतात आणि पुन्हा येतात, हे तिथंच कळलं. अभयारण्यात सापडलेलं पीस उचलून आणायचं नाही, पोरांना आधीच सांगून ठेवा. आणि जाण्याआधी वन विभागाच्या माणसाला विचारून जा, कुठली वाट मोकळी आहे ते तोच नीट सांगतो.

सौताडाही पाटोदा तालुक्यातच, जामखेडच्या वाटेवर. विंचरणा नदी तिथं दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. चांगला पाऊस झालेल्या वर्षीच जाण्यात अर्थ आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. तिथं कार्तिकात यात्रेला गर्दी असते, त्याआधी गेलं तर लेकरांना मोकळं फिरता येतं.

तलाव म्हणाल तर बीडच्या वर पालीजवळ बिंदुसरा आहे, माजलगावला सिंदफणेवरचं धरण आहे, केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. पोरांना आम्ही एक गंमत सांगितली. धनेगावला आडवलेली मांजरा निघते आपल्याच पाटोद्याच्या डोंगरातून. ती लातूरला पाणी देते, कर्नाटकात बिदरकडं वळते, तेलंगणात निजामसागर भरते आणि 724 किलोमीटर चालून गोदावरीला मिळते. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे नदीपण आपल्यासारखी लांब जाती." आम्ही त्यावर काही बोललो नाही. हेच मांजरा धरण 2016 साली इतकं कोरडं पडलं की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते वर्ष आपण सगळ्यांनी भोगलंय. पोरांना ते माहीत नाही, म्हणून भरलेल्या पाण्याच्या काठावर उभं राहूनच त्यांना ते सांगावं.

तलावात आम्हाला सगळ्यात आवडला तो काठ, जिथं पाणी उथळ असतं आणि चिखल असतो. पाणथळ जागा म्हणतात तिला. बायांना ती गाळपेर म्हणूनच माहीत, पाणी ओसरलं की टरबूज लावायची जागा. पण चिखलात किडे, शिंपले, बारके मासे असतात आणि त्यांच्यासाठी पक्षी येतात. लांब लाल पायांचा शेकाट्या, पंख वाळवत बसलेला पाणकावळा, खंड्या, वंचक. थंडीत तर परदेशातून बदकं येतात. गोदावरीवर पैठणला नाथसागरात 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याच गोदावरीवर आणखी वर, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. 1971 साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा आली ती ही, 2020 मध्ये. थोडक्यात, ज्या चिखलाला आपण पाय लावत नाही, तो जपायला देशादेशांनी सह्या केल्यात.

आता खरी अडचण. वाट कुठली, हे सापडतं. घरातून निघायचं कसं, हे अवघड. आमच्या एका गटातल्या ताईला सासूबाईंनी सरळ विचारलं, "तिथं कोणतं काम हाय?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण काम नव्हतंच. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीनं जाऊन सासूबाईंनाच म्हटलं, "मावशी, आम्हाला पाल्याची ओळख नाही, तुम्ही चला दाखवायला." मावशी आल्या. नुसत्या आल्या नाहीत, सगळ्यांच्या पुढं चालल्या. कुर्डू, आघाडा, पाथरी, घोळ, तरोटा कोवळा असताना कसा खुडायचा आणि जून झाला की का सोडायचा, सगळं पोरांना दाखवलं. बहात्तरच्या दुष्काळात काय काय खाऊन दिवस काढले तेही सांगितलं. सून म्हणाली, एवढं बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं. आता प्रत्येक फेरीला दोन तरी म्हाताऱ्या असाव्यात असा आमचा नियमच झाला आहे. घरच्या माणसांचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी एकही पुरुष आला नाही. पुढच्या वर्षी चार आले, पाण्याचे कॅन त्यांनीच उचलले. बोलावत राहायचं, रुसायचं नाही.

खर्च फार नाही. एस.टी.त मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांपुढच्यांना फुकट, 5 ते 12 वर्षांच्या लेकरांना अर्धं. गटाच्या पैशाला हात लावू नका, त्यावरून नंतर कुरबुरी होतात. ज्याचं त्यानं तिकीट काढायचं. भाकरी, ठेचा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरूनच. सोबत दोन जुन्या चादरी घ्या. खाली अंथरायला नव्हे. रानात बायांना आडोसा मिळत नाही, दोघींनी चादर धरली की तिसरीची सोय होते. ही एक गोष्ट नसते म्हणून बाया पाणी न पिता चालतात आणि मग चक्कर येते.

जिवाचं मात्र नीट ऐका. तलावाच्या काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय आत जातो. सांडव्यावरून पाणी वाहत असेल तर त्यावर कुणीही चढायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. वाटेत शेततळं लागलं तर लेकरू हातातच धरा, आतल्या प्लास्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुणी पडलंच तर मागं उडी मारू नका, साडी किंवा दोरीला बांधलेला रिकामा कॅन फेका. साप चावला तर कापाकापी नाही, मांत्रिक नाही. 108 ला फोन आणि सरकारी दवाखाना. आग्या मोहोळ दिसलं की गुपचूप वाट बदला. आणि बिबट्या. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. म्हणून उजेडात निघायचं, ऊन कलायच्या आत परतायचं, लेकरू मध्ये आणि मोठी माणसं पुढं-मागं. लेकराला एकटं शेताकडेला बसायला पाठवायचं नाही.

येताना सीताफळं तोडून आणावीशी वाटतील. अभयारण्यातली तोडायची नाहीत. वाटेवर विकायला बसलेल्या बायांकडून घ्या. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं भाव करताना जरा कमी घासाघीस करा, त्याही कुठल्या तरी गटातल्याच असतील.

यंदा मुकादम उचल वाटून गेलेत, गाड्या लवकर लागतील असं दिसतंय. म्हणून आम्ही फेरी आधीच ठेवली आहे. येत्या रविवारी कपिलधार. सकाळी 7 वाजता पारावर जमायचं, पहिली एस.टी. धरायची, बाकी पायी. तुमच्या गावातून निघत असाल तर तुमचा दिवस तुम्ही ठरवा, पण दसऱ्याच्या आधीचा ठरवा. भाकरी मोजून बांधतो त्यापेक्षा चार जास्त बांधा, चालल्यावर लेकरं दुप्पट खातात.