थकव्याचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून येथे देत आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचा दिनक्रम'. तो मी जरासा बदलून घेतला आहे. मी ७४ वर्षांचा आहे, आणि गेली अडीच वर्षं माझे नैराश्यावर, म्हणजे डिप्रेशनवर उपचार चालू आहेत. काहींना हे ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना आता कळलं. बीपीची गोळी आपण चारचौघांत घेतो, तर ही का लपवायची?

पण मला दुःखाबद्दल बोलायचं नाही. या आजारात माणूस उदास होतो, रडतो, हे सिनेमा बघूनसुद्धा कळतं. मला बोलायचंय ते थकव्याबद्दल. त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती.

थकवा म्हणजे काय ते मला माहीत होतं, असं मी समजत होतो. तीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने उभं राहून प्रवास केला. वर्षअखेरच्या क्लोजिंगला एका रुपयाचा फरक शोधत रात्री अकरा-अकरापर्यंत बसलो. पण तो थकवा एका झोपेत उतरायचा. हा थकवा झोपेनं उतरत नाही. आठ तास झोपून उठलं तरी रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग जड असतं. आंघोळ म्हटली की आधी उठायचं, बादली भरायची, टॉवेल शोधायचा, अंग पुसायचं, कपडे घालायचे. निरोग्याला ही एक गोष्ट वाटते, मला ती पाच कामं दिसायची. पेपर उघडावा तर ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकत जायच्या. शर्टाची बटणं लावून झाली की पलंगावर बसावं लागे.

यावर लोक म्हणायचे, "काका, जरा फिरून या, मन रमवा." प्रेमानेच म्हणायचे. एका नातलगांनी मात्र आमच्या हिला फोनवर सांगितलं की, रिटायर झाल्यावर माणसं आळशी होतातच. ती त्यांना काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही!

उपचार सुरू झाले तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या अर्ध्या तासात काम करत नाहीत. गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि आपल्या वयात कधी त्याहून जास्त. झालंही तसंच. दोन महिन्यांत पहाटे तीनला जाग येणं थांबलं, जेवणाला चव आली, नातवाचा फोन आला की बोलावंसं वाटू लागलं. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. थकवा मात्र होता तिथेच होता.

पुढच्या वेळी ही माझ्यासोबत दवाखान्यात आली आणि तिने हे वेगळं काढून सांगितलं. म्हणाली, "मन बरं आहे डॉक्टर, पण अंगात त्राण नाही." हे फार महत्त्वाचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, उदासी आधी ओसरते आणि थकवा मागे रेंगाळतो, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. मग तो तीन ठिकाणी शोधायचा. आजारच अजून पुरता गेलेला नाही का? गोळ्यांमुळे येतो आहे का? की शरीरात दुसरंच काही आहे? थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी १२, ड जीवनसत्त्व, सोडियम अशा सगळ्या तपासण्या झाल्या. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हेही हिला विचारलं.

माझं सोडियम कमी निघालं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत ते उतरू शकतं, त्यात बीपीसाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असेल तर जास्तच. माझी ती चालू होती. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले, बीपीची गोळी बदलली, पुन्हा रक्त तपासलं. दुसऱ्या एका गोळीने गुंगी येत होती, ती सकाळची रात्रीवर नेली. हे सगळं डॉक्टरांनी केलं, हे लक्षात घ्या. सोडियम कमी म्हणून घरी मीठ वाढवू नका. आणि बरं वाटतंय म्हणून किंवा थकवा येतोय म्हणून गोळी एकदम बंद करू नका. तसं केलं की चक्कर येते, झोप उडते, आणि आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच.

एवढं करून निम्मा थकवा गेला. उरलेल्या निम्म्याशी जमवून घ्यायला मला समुपदेशक बाईंनी शिकवलं. त्यांनी एक वही घालायला सांगितली. केलेलं काम लिहायचं आणि त्यापुढे थकवा दहापैकी किती, तो आकडा. बँकेतल्या माणसाला हे औषध बरोबर लागू पडलं. महिन्याभरात वही बोलायला लागली. अकरा ते एक ही माझी चांगली वेळ. तिघांत बसून गप्पा मारल्या तर ३, लग्नाच्या हॉलमध्ये नुसतं खुर्चीवर बसलं तरी ८. आणि सगळ्यात नवल म्हणजे, दिवसभर पडून राहिलो त्या दिवशी ९! विश्रांती घेऊन थकवा वाढत होता. आपल्या वयात पडून राहिलं की स्नायूही लवकर उतरतात.

दुसरी गोष्ट अशी दिसली की एखादा चांगला दिवस उजाडला की मी बँक, भाजी, लाइटबिल, सगळं त्याच दिवशी उरकायचो आणि पुढचे दोन दिवस आडवा. म्हणजे ओव्हरड्राफ्ट. आता मर्यादा ठरवली आहे. चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडंच जास्त करायचं. वाईट दिवशीही तीन गोष्टी सोडायच्या नाहीत: आंघोळ, नाश्ता आणि गेटपर्यंत जाऊन येणं. इच्छा होईल तेव्हा करू, असं म्हणून या आजारात चालत नाही. इच्छा कामाच्या मागून येते, तीही रोज येईलच असं नाही. म्हणून दहाच मिनिटं ठरवायची. दहा मिनिटांनी नको वाटलं तर खुशाल परत फिरायचं.

आपल्या आवारात तीन बाकं बसवली तेव्हा वार्षिक सभेत खर्चावरून अर्धा तास वाद झाला होता. पंपाच्या खोलीजवळचं बाक नसतं, तर माझी पहिली फेरी पुरी झाली नसती. वाद घालणारे सभासदही हल्ली तिथेच बसलेले दिसतात, असो.

शेजारधर्माचं एक सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डबा आणायच्या, हिच्या हातात द्यायच्या आणि 'आता कसं वाटतंय' न विचारता जायच्या. आमचे एक मित्र येऊन पेपरमधल्या बातम्या मोठ्याने वाचायचे. उत्तराची अपेक्षा नाही. याने मला जो आधार झाला तो दहा सल्ल्यांनी झाला नाही. पण माझी चौकशी सगळ्यांनी केली, हिची फारशी कुणी केली नाही. गुडघा दुखत असताना आठ महिने घर, बाजार, दवाखाना तिने एकटीने ओढलं. घरात असा आजारी असेल तर दुसऱ्या माणसालाही विचारत जा, त्याला एक दुपार मोकळी करून द्या.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. आपापली पॉलिसी काढून बघा. आणि 'टेलिमानस' हा सरकारी फोन आहे, १४४१६. फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. 'आता जगणं नको' असं कुणाच्या तोंडून ऐकलंत तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि हा नंबर लावून द्या.

मी पूर्ण बरा झालो का? वहीत हल्ली बहुतेक दिवशी ४ असतो. कधी ७. महोत्सवाची व्हाउचर्स तपासायचं काम मी रोज एक तास या बोलीवर घेतलं आहे. आज संध्याकाळी बोलायचं म्हणून दुपारी पडून घेतलं, आणि उद्या दोनच फेऱ्या ठेवल्या आहेत. तेव्हा खजिनदारसाहेब, उरलेली फाइल परवा अकरा वाजता पाठवा.