क्रमवारी वाचावी कशी?



स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली आपले कराड देशात पहिले आले, २०२१ साली विटा आले आणि २०२२ साली पाचगणी. सातारा-सांगलीकरांनी अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु पहिला मान विट्याकडे गेला म्हणून त्या वर्षी कराड अस्वच्छ झाले, असे कोणी म्हणेल काय? केवळ क्रमांकावरून तसे ठरविता येत नाही. २०२० साली एकूण गुण ६,००० होते आणि ते चार विभागांत समान वाटलेले होते. प्रत्यक्ष पाहणीला त्यांपैकी १,५०० होते. पुढील वर्षी गुण तितकेच राहिले, पण विभाग तीन झाले आणि पाहणीचा स्वतंत्र विभाग उरला नाही. २०२२ साली तर एकूण गुणच ७,५०० झाले. मापटे बदलले, तर दोन वर्षांच्या मापांची तुलना कशी करावयाची?

हाच विचार आता एका वेगळ्या बाजारात नेऊ या. साखर कारखाना, सहकारी बँक, दूधसंघ यांच्याजवळ आकड्यांचे ढीग असतात. त्यांतून तक्ते व आलेख काढून चालकांना निर्णयास साहाय्य करणाऱ्या संगणकप्रणालीला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हणतात. विक्रेता येतो आणि गार्टनर या अमेरिकन संस्थेचा चार चौकोनांचा नकाशा संचालकांपुढे ठेवून म्हणतो, "पाहा, आम्ही अग्रणींच्या चौकोनात आहोत!" मायक्रोसॉफ्ट, टॅब्लो, क्लिक ही नावे त्या चौकोनात अनेक वर्षे दिसत आली आहेत. संचालक मान डोलावतात. पैसा मात्र सभासदांचा जातो.

हा नकाशा दोन गोष्टी मोजतो: कंपनीची दृष्टी किती व्यापक आहे आणि ती दृष्टी अमलात आणण्याचे तिचे सामर्थ्य किती आहे. त्यात प्रवेश मिळण्यास बाजारातील व्याप लागतो. म्हणून एखादी लहान पण उपयुक्त प्रणाली त्यात नसेलही. शिवाय ही संस्था आपले संशोधन घेणाऱ्यांनाही विकते आणि विकणाऱ्यांनाही. यावरून ती अप्रामाणिक ठरत नाही. पण वाचकाने सावध असावे एवढे खास. केवळ सर्वांत वरचे मानांकन असलेल्यांचीच निवड करा असा आमचा सल्ला नाही, हे ती संस्था स्वतःच छापते. तेवढी ओळ विक्रेता वाचून दाखवीत नाही.

आपल्या वजनकाट्यावरील नोंदी ही प्रणाली घेईल काय, शेतकऱ्याचे नाव देवनागरीत नीट दाखवील काय, पाच वर्षांचा एकूण खर्च किती आणि उद्या ती सोडावयाची झाल्यास आपले आकडे आपल्याला परत मिळतील काय, या प्रश्नांची उत्तरे त्या नकाशात नसतात. ती मिळविण्यासाठी आपल्याच मागील हंगामाचे आकडे विक्रेत्यापुढे ठेवावेत आणि आपल्याच कारकुनाच्या हातून महिनाभर प्रणाली चालवून पाहावी.

क्रमवारी फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. कोणाकोणाला बोलवावयाचे, हे ठरविण्यास ती उपयोगी पडते. तेव्हा पुढील वार्षिक सभेत अशा खरेदीचा ठराव आला, तर प्रत्येक सभासदाने उठून एवढे अवश्य विचारावे: हा क्रमांक कोणी दिला, कशाकरिता दिला आणि आपल्या कामावर ही प्रणाली कोणी चालवून पाहिली?