कुंपणापलीकडचा वक्ता
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला ती मुले लवकरच निरनिराळ्या महाविद्यालयांत जातील. तेथे केव्हा ना केव्हा एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहील. ज्याची मते आपल्याला असह्य वाटतात, त्याला महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून बोलू द्यावे काय? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा, असे मी योजिले आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने जून १९६३ मध्ये एक कायदा केला व साम्यवादी पक्षाच्या ज्ञात सभासदांना सरकारी महाविद्यालयांत व्याख्यान देण्यास मज्जाव केला. १९६५ साली त्यात फेरफार होऊन परवानगीचा अधिकार विश्वस्तांकडे आला. तरीही चॅपेल हिल येथील विद्यार्थ्यांनी हर्बर्ट ॲप्थेकर यांना बोलाविले, तेव्हा परवानगी नाकारण्यात आली. ॲप्थेकर हे साम्यवादी होते, तसेच गुलामांच्या बंडांचे इतिहासकारही होते. मार्च १९६६ मध्ये ते विद्यापीठाच्या बुटक्या दगडी भिंतीबाहेर, शहराच्या पदपथावर उभे राहून बोलले. विद्यार्थ्यांनी भिंतीच्या आतून ते ऐकले. पुढे विद्यार्थी न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये संघीय न्यायालयाने, कायद्याची भाषा संदिग्ध असल्याच्या कारणावरून, तो घटनाबाह्य ठरविला.

ही परदेशची गोष्ट म्हणून कोणी ती बाजूस सारील. म्हणून आपल्यासारख्याच एका संस्थेची गोष्ट सांगतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले. भाषणाची प्रत वाचल्यावर चालकांना त्यातील काही भाग मानवेना. तो गाळण्यास डॉक्टरसाहेबांनी नकार दिला व मंडळाने परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. एका मंडपात विरून गेले असते ते विचार अशा रीतीने देशभर पोहोचले. महात्मा गांधींना ते विचार मान्य नव्हते. तथापि त्यांनी ‘हरिजन’मध्ये स्वागत समितीलाच दोष दिला, आणि भाषण आक्षेपार्ह आहे म्हणूनच ते वाचले पाहिजे, असा अभिप्राय दिला.

व्यासपीठ देणे म्हणजे मताला मान्यता देणे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. न्यायाधीश दोन्ही वकिलांचे ऐकतो, म्हणून तो दोघांचाही पक्षपाती ठरत नाही. अर्थात या स्वातंत्र्याला मर्यादा आहेत. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले, तसेच सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी वाजवी निर्बंधांनाही जागा ठेविली. हिंसेला चिथावणी देणाऱ्यास आमंत्रण देण्याचे कारण नाही. परंतु आपले मन दुखावणे आणि गुन्हा घडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्याला राग येईल त्याने सभेत प्रश्न विचारावा, बाहेर शांतपणे निषेध करावा, प्रतिव्याख्यान ठेवावे. आरडाओरड करून दुसऱ्याचे ऐकणे मात्र बंद पाडू नये.

हा उपदेश करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातील मुलांनी एका प्राध्यापकांना व्याख्यानासाठी बोलाविले होते. ज्ञातिसंस्थांची आता आवश्यकता उरली नाही, असे त्यांचे मत. आपल्या कार्यकारी मंडळाने ते व्याख्यान रद्द केले. त्या ठरावाच्या बाजूने माझाही हात वर झाला होता. परिणाम काय झाला? मुलांनी त्या प्राध्यापकांचे लेख मिळवून वाचले आणि त्याविषयी आपल्याशी बोलणे मात्र सोडून दिले. आपल्या संस्थेने शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृह चालविले, हे सांगून त्यांना उत्तर देण्याची संधी आपणच दवडली. कदाचित त्यांच्या टीकेतील काही भाग आपल्याला स्वीकारावाही लागला असता. आणि खरे सांगायचे तर आमच्या मनात तीच भीती होती.

म्हणून अध्यक्ष महाराजांना माझी नम्र विनंती आहे की, यंदा त्या प्राध्यापकांना संस्थेच्याच नावाने पत्र जावे. पहिल्या रांगेत आपण वडील मंडळींनी बसावे, शेवटपर्यंत ऐकावे आणि मग उत्तर द्यावे. ज्या संस्थेला आपल्या कार्याविषयी विश्वास आहे, तिने एका व्याख्यानाला भिण्याचे कारण नाही.