नवी कंपनी येणार म्हणतात



बड्या कंपनीच्या आगमनाची नुसती वार्ता उठली, की सुलतानपूरच्या बाजारात पहिला प्रश्न येतो : स्वस्त किती देणार? प्रश्न रास्त आहे. 1995 साली देशात मोबाइल आला तेव्हा एका मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात जाई, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मजुराने त्या भावात बोलावे तरी काय?

आम्ही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. त्यामुळे कंपन्यांची कुंडली मांडायची तर मागचे ग्रह पाहण्याची सवय लागली आहे. रिलायन्सचेच घ्या. 28 डिसेंबर 2002 रोजी या घराण्याने मोबाइलमध्ये पाऊल टाकले. 2005 मध्ये भावाभावांत वाटणी झाली आणि हा धंदा धाकट्याकडे गेला. एकमेकांच्या धंद्यात शिरायचे नाही, हा करार मे 2010 मध्ये सुटला. पुढच्याच महिन्यात थोरल्याने इन्फोटेल ही कंपनी घेतली. लिलावात देशभरच्या लहरी तिने नुकत्याच मिळवल्या होत्या.

तेव्हापासून सहा वर्षे तर्कांना ऊत आला. त्या परवान्यावर इंटरनेट देता येई, बोलणे विकता येत नसे. मग हे फोनात येणार कसे, असे जाणते म्हणत. 2013 मध्ये 1,658 कोटी रुपये भरून परवाना बदलून मिळाला. आवाजाचेही मजकुरासारखे तुकडे करून ते इंटरनेटच्याच वाटेने धाडायचे, अशी ती युक्ती. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ सुरू झाले : बोलणे फुकट, आणि 31 मार्च 2017 पर्यंत इंटरनेटही फुकट!

भाव उतरतील हा तर्क खरा ठरला. सुरतेला कामावर गेलेला मुलगा रोज आईशी बोलू लागला, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण मैदानात उरणार कोण, याचा तर्क फारसा कोणी केला नव्हता. एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. टाटांचा मोबाइल-ग्राहकांचा धंदा एअरटेलकडे गेला. धाकट्या भावाची कंपनीही 2019 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. सारा दोष जिओचा नव्हे. डोईजड कर्जे होती, लिलावातील चढ्या बोली होत्या.

आणि सरकारी भारत संचार निगम? 31 जानेवारी 2020 या एकाच दिवशी तेथील सुमारे 78 हजार माणसे स्वेच्छानिवृत्त झाली. आदल्या वर्षी पगार अडले होते. पगार अडला की स्वेच्छा लवकर होते, हे संघटनेत काम करणाऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हा लाखो लोक त्याच निगमाच्या दाराशी परत गेले. आतली माणसे चार वर्षांपूर्वीच घरी बसली होती.

नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. ही कंपनी उपग्रहांवरून इंटरनेट देते. उद्या ती फोनही काढील काय, याची चर्चा आता चहाच्या टपरीवरही होते. जरूर व्हावी. पण आम्हांस दुसरेही विचारावयाचे आहे. लोणारच्या रस्त्याने जाताना टॉवर दिसतात. तेथे डिझेल भरणारी, रात्री राखण करणारी, केबलसाठी चर खणणारी पोरे कंत्राटावर असतात. आकाशातून येणाऱ्या फोनाला वाटेत इतके खांब लागणार नाहीत. या पोरांच्या कंत्राटाची मुदत किती उरली आहे, हे आपल्यापैकी कोणी त्यांस विचारले आहे काय?