तापात यकृत कामांचा क्रम बदलतं

रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेलं दिसलं की आपण म्हणतो, इन्फेक्शन आहे. हे प्रोटीन १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. पण ते बनतं यकृतात!

होतं असं की फुफ्फुसात जंतू शिरले की तिथल्या पेशी रक्तातून आयएल-६ नावाचा निरोप पाठवतात. मग यकृत कामांचा क्रमच बदलतं. सर्व्हर बंद पडला की आपण बाकीची कामं बाजूला ठेवतो ना, तसंच. सीआरपी वाढतं, अल्ब्युमिन कमी बनतं. हेप्सिडिन वाढतं, त्यामुळे लोह पेशींमध्येच अडकतं आणि जंतूंना सहज मिळत नाही. रिपोर्टमध्ये मात्र लोह कमी दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे औषधं मोडणारी काही एन्झाइम्सही मंदावतात. क्लोझापिन किंवा थिओफिलिन रोज घेणाऱ्यांच्या रक्तात मग नेहमीच्याच डोसने औषध जास्त साठू शकतं. म्हणून घरात कोणाची ही औषधं चालू असतील आणि जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. झोप फार येतेय का, उलट्या होतायत का, छाती धडधडतेय का, तेही सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

भेटू पुढच्या भागात.