पावती कुणाच्या नावाची?

(शीळफाट्यावर तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



मला कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती आज खिशातच राहू द्या. आज हिशेबाचं बोलू. कवीनं हिशेबात पडू नये म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हिशेब दुसरं कुणीतरी भागवत असतं. मी गोदीत कंटेनर खाली करतो. पेट्या मोजायला चुकलो तर मुकादम हजेरी कापतो. म्हणून मोजायची सवय लागलीय.

आधी एक प्रसंग सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या चाळीत आठ दिवस पाणी नव्हतं. आम्ही चौघं अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबानं अर्ज उघडलासुद्धा नाही. विचारलं, "घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर?" म्हटलं, चाळमालकाच्या. "मग त्याला पाठवा. तुम्ही काय करदाते नाही." चाळमालकाला काय पडलंय? त्याच्या घरात नळ धो धो वाहतोय. आम्ही परत आलो आणि ५० रुपयाला एक पिंप पाणी घेतलं. माझी आई म्हणाली, "आरं, आपुन दर महिन्याला भाडं देतोय ते काय मग?"

आईचा तो सवाल घेऊन मी आज इथं उभा आहे.

शीळफाटा म्हणजे काय जागा आहे बघा. एक रस्ता मुंब्र्यावरनं ठाण्याला, एक कल्याणला, एक पनवेलला, एक महाप्यावरनं नवी मुंबईत. न्हावाशेव्याच्या बंदरातले कंटेनर भिवंडीच्या गोदामांकडं जातात ते इथूनच. आजूबाजूला तीन महापालिका. आणि या तिन्हींच्या मधे आपण, कधी ह्या पानावर तर कधी त्या पानावर. २७ गावांचं घ्या. १९८३ ला कल्याण महापालिकेत घातली. २००२ ला बाहेर काढली. २०१५ ला पुन्हा आत. २०२० च्या मार्चात त्यातली १८ परत बाहेर, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हायकोर्टानं तो निर्णय रद्द केला. १४ गावांचं तेच. नवी मुंबईत होती, २००७ ला निघाली, २०२४ ला परत तिकडंच. गावं काय बुद्धिबळाची प्यादी आहेत? दर खेपेला माणसांना दोनच गोष्टी नव्यानं कळतात: घरपट्टी आता कुणाला भरायची, आणि पाण्यासाठी शिव्या आता कुणाला द्यायच्या.

२०२४ च्या नोव्हेंबरातली विधानसभेची निवडणूक आठवा. २० तारखेला मतदान, २३ ला निकाल. या पट्ट्याचा मोठा भाग कल्याण ग्रामीण मतदारसंघात येतो. २००९ ला इथं मनसे, २०१४ ला शिवसेना, २०१९ ला पुन्हा मनसे, २०२४ ला शिंदेंची शिवसेना. आमदार बदलत गेले. टँकर तोच.

त्या प्रचारात मी एक गोष्ट कान देऊन ऐकली. टॉवरच्या गेटाशी सभा झाली की उमेदवार म्हणायचा, "आपण सारे करदाते आहात, आपल्या पैशाचा हिशेब मिळाला पाहिजे." मोठ्या वसाहतींना घरपट्टीत सवलत पाहिजे, २७ गावांचा कर ग्रामपंचायतीच्या दरानं पाहिजे, असली बोलणी व्हायची. तीच गाडी तासाभरानं वस्तीत यायची. तोच माणूस, तोच माईक. इथं आपण झालो 'लाभार्थी'! माझ्या शेजारची मावशी सकाळी टॉवरमधे चार घरची भांडी घासते नि दुपारी वस्तीत परत येते. एकाच दिवसात ती दोन्ही ठिकाणी होती. पण करदात्यांच्या सभेत ती लिफ्टजवळ उभी होती, आणि लाभार्थ्यांच्या सभेत पुढच्या सतरंजीवर.

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये जुलै २०२४ पासून लागू झाले. प्रचारात महायुती म्हणाली २१०० करू. महाविकास आघाडी म्हणाली ३००० देऊ. लगेच दुसरीकडून ओरड उठली की करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी चाललीय. नवी मुंबईच्या एका चार्टर्ड अकाऊंटंटनं तर हायकोर्टात याचिका टाकली. ती ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली गेली. मला इथं योजनेची आरती गायची नाही. निवडणुकीच्या तोंडावर आलेला पैसा कशासाठी येतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. माझा सवाल वेगळा आहे. करदाता म्हणजे नेमका कोण?

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. परदेशी मालाचा कंटेनर बंदरात उतरतो. मालवाला त्यावर कस्टमची ड्युटी भरतो, जीएसटी भरतो. पावती त्याच्या नावावर. तो ते पैसे स्वतःच्या बापाच्या इस्टेटीतून भरतो काय? तो मालाच्या किमतीत चढवतो. घाऊकवाला दुकानदाराकडून घेतो, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. शेवटी खिशात हात घालून भरतो कोण? मावशी भरते. २९९ चा मोबाईल रिचार्ज मारा, त्यातले ४५ रुपये वर कर. १८ टक्के. अंगाच्या साबणावर २०१७ पासून १८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ वर आणला. म्हणजे आठ वर्षं आपण अंग धुतलं की सरकारला शंभराला अठरानं दिलं. शेठ जेवढ्या टक्क्यानं देतो तेवढ्याच टक्क्यानं मावशी देते. इन्कमटॅक्सला तरी पायऱ्या आहेत, ज्याची कमाई जास्त त्याला दर जास्त. साबणाला पायऱ्या नाहीत.

आता म्हणाल, हा झाला दिल्लीचा आणि राज्याचा कर, महापालिकेला त्याचं काय? सांगतो. पूर्वी महापालिका जकात घ्यायची. मग एलबीटी आली. २०१७ ला जीएसटी आला आणि जे बुडालं त्याची भरपाई राज्य सरकार महापालिकांना देतं, त्यासाठी कायदा केलाय. म्हणजे तुमच्या साबणाचा, रिचार्जचा पैसा फिरून महापालिकेच्या तिजोरीत जातो. त्यावर घरपट्टी तर आपण भरतोच. चाळमालक आपल्याच भाड्यातून ती भरतो आणि पावती त्याच्या नावावर फाडतात. आणि सवलत आली की कुणाला? मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ केली. घरमालकाला चांगलंच झालं. पण भाडेकरूचं भाडं कमी करा असं त्यात कुठं आहे? माफी पावतीच्या नावाला मिळते. भरणाऱ्या हाताला मिळत नाही.

मित्रांनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ती आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं, सार्वजनिक पैशानं बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो कागद पाण्यात नेला. त्यावर सवर्णांनी कोर्टात काय सांगितलं? तळं सार्वजनिक नाही, आमचं खाजगी आहे. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. म्हणजे पावती कुणाच्या नावाची, हाच सवाल तिथंही होता. आपल्या बापजाद्यांनी माणूसपणाची लढाई लढताना सार्वजनिक पैशाचा मुद्दा सोडला नव्हता.

आणि मताचं काय? १९१९ च्या कायद्यात मत कुणाला होतं? जो ठराविक शेतसारा भरतो, इन्कमटॅक्स भरतो, ज्याचं ठराविक भाड्याचं घर आहे त्याला. तेव्हाही 'करदाता' हाच नागरिक होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मत कुठून मिळणार? बाबासाहेब १९१९ ला साऊथबरो कमिटीपुढं हा अन्याय मांडून आले. १९२८ ला सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितलं. घटनेच्या ३२६ व्या कलमानं ते दिलं. त्या कलमात पावती विचारलेली नाही. आज सभेत कुणी गोड आवाजात "आम्ही करदाते" म्हणतो तेव्हा मला १९१९ सालचा दरवाजा करकरताना ऐकू येतो. तो उघा करणाऱ्याला आपण लाभार्थी म्हणून टाळ्या देतो, हे जास्त वाईट.

आता ज्यांच्या तोंडी करदाता शब्द आहे त्यांची नीती बघा. १४ गावं नवी मुंबईत घ्यायची म्हटल्यावर गणेश नाईकांनी विरोध केला. का? तर नवी मुंबईच्या करदात्यांवर बोजा पडेल. बरं. पण २०२३ मध्ये ठाणे महापालिकेनं दिव्याचं डम्पिंग बंद केलं आणि कचरा आणून टाकला भंडार्लीत. भंडार्ली या १४ गावांतलंच. तिथला माणूस ठाण्याचा करदाता नव्हता, ठाण्याचा मतदारही नव्हता. ठाण्याच्या करदात्याची घाण मात्र त्याच्या नाकाखाली. कर वाटून घ्यायचा नाही, कचरा वाटून द्यायचा, हा कुठला हिशेब? जुन्या गावात हीच वाटणी असायची. घाण कुणाच्या वाट्याला जायची ते आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरं बघा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडक्या बहिणीकडं वळवले. आदिवासी खात्याचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाटांनी स्वतः जाहीर नाराजी बोलून दाखवली. आपल्या पोरांच्या शिष्यवृत्तीचं, वसतिगृहाचं हे खातं. एका हातानं काढलं, दुसऱ्या हातानं दिलं, आणि वर उपकार. तेव्हा करदात्यांच्या पैशाचे कैवारी कुठल्या बिळात होते?

आणि ज्याच्याकडं पावती आहे तोसुद्धा सुटत नाही, हे टॉवरवाल्या भावांना सांगा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन मतदानाच्या दिवसांत, हायकोर्टानं डोंबिवलीच्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा हुकूम दिला. खोटी कागदपत्रं करून रेराचा नंबर घेतला होता. ज्यांनी आयुष्याची कमाई घातली ती माणसं आपल्यासारखीच नोकरदार, कामगार. बेकायदा बांधकामाला घरपट्टी लागते, वर शास्ती लागते, पण कर भरला म्हणून घर कायदेशीर होत नाही. पैसे घेताना महापालिकेला घर दिसतं, हक्क मागताना दिसत नाही.

आणि लकी कंपाऊंड? ते तर इथंच, शीळ-डायघरला. ४ एप्रिल २०१३. संध्याकाळी इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. जंगल खात्याच्या जमिनीवर उभी केलेली बेकायदा इमारत. खाली माणसं राहत होती, वर काम चालू होतं. पोरं होती त्यात, मजूर होते. बिल्डर पकडले, नगरसेवक पकडला, महापालिकेचे अधिकारी पकडले, पोलीस पकडले. त्या मेलेल्यांतल्या कितीजणांच्या नावावर पावती असेल? आणि नसली म्हणून त्यांच्या जिवाचा हिशेब कुणी द्यायचाच नाही काय?

शेवटची गोष्ट, ही नीट ध्यानात ठेवा. २०२४ ला आपण आमदार निवडला तेव्हा या तिन्ही महापालिकांत एकही नगरसेवक नव्हता. नवी मुंबईची मुदत मे २०२० ला संपलेली, कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२० ला, ठाण्याची मार्च २०२२ ला. प्रशासक कर वसूल करत होता, प्रशासकच बजेट करत होता. ज्यांनी भरलं त्यांचा एक माणूस सभागृहात नव्हता. म्हणून विधानसभेचा उमेदवार गटार नि नळाच्या बाता मारू शकला. त्याचं खरं काम मुंबईत आहे. राज्याच्या बजेटवर मत द्यायचं, महापालिकेचा कायदा करायचा, निवडणुका वेळेवर का नाहीत ते सरकारला विचारायचं. त्यातलं एकही अक्षर त्याच्या पत्रकात नव्हतं. आणि आपणही विचारलं नाही. आपण टी-शर्ट घेतला.

तर करायचं काय? मी भाषण ठोकून गोदीत जाणार, तुम्ही घरी जाणार, असं नको. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज. चार सवाल टाका. आपल्या वस्तीच्या नावावर गेल्या पाच वर्षांत महापालिकेनं किती खर्च दाखवला? जीएसटीची भरपाई किती आली? थकलेली घरपट्टी सगळ्यात मोठी कुणाची, गोदामवाल्याची की चाळीची? आणि २७ गावांत २००२ ते २०१५ ग्रामपंचायती होत्या तेव्हा मागासवर्गीयांसाठीचा उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा कुठं खर्च झाला? उत्तरं फळ्यावर लिहून चौकात लावू. पुढचा उमेदवार आला की त्याला आधी फळा वाचायला लावू, मग माईक देऊ.

आणि एक काम आजपासून. साबणाचं, रिचार्जचं, औषधाचं बिल फेकू नका. एका खिळ्याला टोचून ठेवा. आईनं आमच्या घरात खिळा ठोकलासुद्धा. उन्हाळा आला, पाणी गेलं, की आपण चौघं नाही, चारशे जण त्या खिडकीत जाऊ. साहेब विचारेल, पावती कुणाच्या नावाची? तेव्हा तो सगळा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवू आणि सांगू, मोज.

जयभीम.